इंजिन कुणाचं ऐकतं?

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की लोक सरकारला शिव्या देतात, भाव चढला की स्वतःची पाठ थोपटून घेतात, आणि भाव जागच्या जागी राहिला की इंजिनांवर बोलतात. लिलावाला अजून वेळ असतो. क्रेट लावून झालेले असतात. चहावाल्याने दुसरं आधण ठेवलेलं असतं. अशा वेळी कोणीतरी समोरच्या नव्याकोऱ्या पिकअपच्या बॉनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, "दिसायला झ्याक आहे. पण इंजिन पहिल्यासारखं नाय राहिलं."

झालं. पुढच्या पाऊण तासाची सोय होते.

या वाक्याची गंमत अशी की ते बोलणाऱ्याने बहुतेक वेळा जुनी गाडी विकून नवी घेतलेली असते. ज्याच्याकडे आजही खरोखर जुनी आहे तो या चर्चेत नसतो. तो गाडीखाली असतो.

पिकअप म्हणजे काय, याचं उत्तर आरटीओच्या कागदावर वेगळं आणि रस्त्यावर वेगळं. रस्त्यावरची व्याख्या सोपी आहे. छोट्या हत्तीपेक्षा मोठी, टाटाच्या ४०७ पेक्षा लहान, आणि किती माल भरायचा हे कागद न बघता हौदा बघून ठरवलं जातं ती पिकअप. आधी टाटाची २०७ होती, मग महिंद्राची बोलेरो पिकअप आली आणि जिल्हेच्या जिल्हे व्यापून बसली. भाजी, जनावरं, मांडवाचं सामान, लग्नातला डीजे, निवडणुकीतला उमेदवार, सगळं तिच्यातूनच जातं.

आता वाद घालणाऱ्यांना न आवडणारी एक गोष्ट सांगून टाकतो. बोलेरो पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं, नेमकं सांगायचं तर २५२३ सीसीचं. जुन्या डीआय इंजिनातही २५२३ आणि धुराच्या नव्या नियमांच्या, म्हणजे बीएस-६ च्या, गाडीतही २५२३. सिलिंडर तेव्हाही चार, आताही चार. ताकद तेवढी त्रेसष्ट अश्वशक्तीवरून पंचाहत्तरच्या आसपास गेली. म्हणजे चहाच्या टपरीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या दोघांच्या बॉनेटखाली मूळ ऐवज एकाच मापाचा असतो. मग बदललं काय? डिझेल सिलिंडरमध्ये किती सोडायचं, कधी सोडायचं, आणि धूर बाहेर पडण्याआधी त्याचं काय करायचं, हे ठरवणारा बदलला. पूर्वी ते लोखंड ठरवायचं, आता एक बंद पेटी ठरवते. भांडण सगळं त्या पेटीशी आहे.

जुन्या इंजिनाला विजेची गरज फक्त चालू होताना. एकदा चालू झालं की बॅटरी काढून ट्रॅक्टरला लावली तरी ते आपलं चालत राहायचं. डिझेलचा पंप इंजिनाच्याच गिअरवर फिरायचा, नोजलमधली स्प्रिंग दाबानेच उघडायची, कोणाची परवानगी लागायची नाही. त्यामुळे बॅटरी ही चैनीची वस्तू मानली जायची. गावात जुनी पिकअप कुठे उभी असते ते कधी बघा. घर कुठेही असो, गाडी उतारावर असते. चाकाखाली एक दगड असतो. तो दगड म्हणजे गाडीचा सुटा भागच. गाडी विकली तर तोही बरोबर देतात, कारण नव्या मालकाला त्या चाकाच्या मापाचा दगड लगेच कुठून मिळणार? सकाळी मालक आत बसतो, बायको किंवा पोरगा दगड काढतो, गाडी गडगडत निघते, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की एक हिसका, एक ढेकर, आणि सगळ्या आळीला कळतं की अण्णा मार्केटला निघाले.

बंद करणं हा वेगळा विधी. कित्येक जुन्या गाड्यांत किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन चालूच. डॅशबोर्डाखालचा एक खटका ओढून धरायचा, म्हणजे तारेने पंपाचा दांडा खेचला जाऊन डिझेल तुटायचं. ती तार तुटली की पंचाईत. मग बॉनेट उघडून तो दांडा हाताने दाबायचा, किंवा वरचा गिअर टाकून, ब्रेकवर उभं राहून, क्लच सोडायचा आणि इंजिनाचा जीव घोटायचा. शहरातून आलेल्या जावयाने हौसेने गाडी चालवायला घ्यावी, मंदिरापर्यंत सुखरूप न्यावी, आणि मग ती बंद कशी करायची हे विचारायला चालू गाडी तशीच घेऊन परत यावं, असं घडलेलं आहे.

धुराचं तर काय सांगावं! जुनं इंजिन आपली तब्येत सायलेन्सरमधून जाहीर करायचं आणि ती वाचता यायला लायसन लागत नसे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर साफ करा किंवा माल कमी भरा. माल कमी भरण्याचा प्रश्नच नसल्यामुळे फिल्टर साफ करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या, इंजिनाचं काम निघणार. म्हणून निळ्या धुराला मालक काही महिने काळाच म्हणत राहतो. पांढरा धूर म्हणजे एक तर थंडी, नाहीतर नोजल, नाहीतर हेड गॅस्केटमधून पाणी. यात सगळ्यात स्वस्त थंडी असल्यामुळे वैशाखातसुद्धा आधी थंडीच धरायची पद्धत होती.

आणि हवा धरणं! ज्याने कसाऱ्याच्या घाटात रात्री अडीचला हवा धरलेलं इंजिन पाहिलेलं नाही त्याने जुन्या इंजिनाचे गोडवे गाऊ नयेत. त्या गाड्यांचा डिझेलचा काटा शोभेचा असे. टाकीत किती आहे हे मालकाच्या आठवणीवर चालायचं, आणि मालकाची आठवण नेहमी आशावादी. डिझेल तळाला गेलं की पाइपात हवा शिरायची, आणि मग कॅनने डिझेल आणून ओतलं तरी इंजिन चालू व्हायचं नाही. मग बॅटरीच्या उजेडात, म्हणजे हातातल्या बॅटरीच्या, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा. एकाने हँडपंप मारत राहायचं. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग बुडबुडे आणि डिझेल, मग निव्वळ डिझेलची धार. स्क्रू आवळायचा. तरी नाही झालं तर सतरा नंबरच्या पान्याने नोजलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करायचे आणि आतल्याने स्टार्टर मारायचा. "मार… मार… थांब! मार!" दोघांचेही हात कोपरापर्यंत डिझेलने माखलेले, टोमॅटो मागे शांतपणे पिकत असलेले. आणि मग ते एकदम धडधडून चालू व्हायचं तेव्हा जो आनंद व्हायचा, त्याच आनंदाला लोक आता "पहिलं इंजिन भारी होतं" असं म्हणतात. त्या रात्री वाशीला भाव गेलेला असतो हे मात्र कोणी सांगत नाही.

या सगळ्या राज्याचा राजा म्हणजे मिस्त्री. नाशिक-सिन्नर पट्ट्यात असे मिस्त्री मी पाहिले आहेत की ज्यांना गाडी गॅरेजच्या कोपऱ्यावर वळतानाच कळायचं कोणता सिलिंडर रुसला आहे. ते तुमच्याशी बोलायचे नाहीत. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलायचे, त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. गॅरेजमधली पोरं तेवढा वेळ रेडिओ बंद करत. मग मिस्त्री सतरा नंबरचा पाना घेऊन पहिल्या नोजलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करायचा. इंजिन अडखळलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. आवळला. दुसरा ढिला. अडखळलं. आवळला. तिसरा ढिला केला आणि इंजिनाच्या आवाजात काहीच फरक नाही.

"तीन नंबर नुसता पगार खातोय," मिस्त्री म्हणायचा. "नोजल बदला."

"ओरिजनल टाका हां मामा."

"मायकोचंच टाकतो."

मायको म्हणजे सातपूरचा कारखाना. २००८ साली कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिकच्या चौकाने ते मनावर घेतलं नाही; रिक्षावाला आजही मायको सर्कललाच सोडतो. नोजलही बरीच वर्षं मायकोचंच राहिलं.

त्या काळात कोणालाही इंजिनाबद्दल काहीही मत असू शकत होतं आणि इंजिन ते मत चालवून घ्यायचं. पंपाचा स्क्रू पाव आटा फिरवून "पिकअप वाढवून" देणारे होते. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये जिरवणारे होते. त्याबद्दल आजही कोणी मोठ्याने बोलत नाही. ऑइल कधी बदलायचं हे बोटाला लावून, चोळून, वास घेऊन ठरवणारे होते. इंजिन सगळ्यांचं ऐकायचं, कुरकुरायचं आणि चालायचं. हे इंजिन कुठेही दुरुस्त होतं ही त्याची कीर्ती होती. ते कुठेही बंद पडायचं म्हणून ती कीर्ती झाली होती, हा भाग गाळला जातो.

मग कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ ला सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायची नाही. मधले दोन दिवस शोरूममध्ये जी झुंबड उडाली ती दसऱ्यालाही उडत नाही. प्रदूषण करणारी शेवटची गाडी सवलतीत मिळत असेल तर ती सोडायची कशी? पुढे देशाने पाचवी इयत्ता गाळून थेट सहावीत उडी घेतली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, आणि डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत पन्नासवरून दहावर. नेमकी तेव्हाच टाळेबंदी चालू होती. हवा अशी काही स्वच्छ झाली की विचारू नका, आणि त्यासाठी एकही नवी गाडी रस्त्यावर यावी लागली नाही. २०२३ च्या एप्रिलपासून आणखी एक पायरी आली: गाडीचा धूर प्रयोगशाळेतच नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावर चालतानाही मोजायचा. गाडी प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरी असते हे सरकारच्याही लक्षात आलं म्हणायचं. मायलेजच्या बाबतीत पिकअपवाल्याला ते आधीच माहीत होतं. पुण्याच्या टेकडीवर एआरएआयच्या प्रयोगशाळेत गाडी जे मायलेज देते ते ती टेकडी उतरल्यावर विसरते, अशी त्याची पक्की समजूत आहे.

नव्या इंजिनाचा कणा म्हणजे कॉमन रेल. सगळ्या नोजलांना एकच जाड नळी, तिच्यात डिझेल हजार-दीड हजार बारच्या, कधी त्याहूनही जास्त दाबाने भरून ठेवलेलं, आणि पेटीने विजेचा इशारा दिला की नोजल उघडतं. मोटारींत हे तंत्र १९९७ साली अल्फा रोमिओच्या १५६ मध्ये पहिल्यांदा विक्रीला आलं. दर स्फोटाच्या आधी थोडंसं डिझेल शिंपडायचं आणि मग मुख्य हप्ता सोडायचा, अशी त्याची युक्ती. त्यानेच तो जुना खडखडाट गेला.

आणि तिथेच ड्रायव्हर हवालदिल झाला. जुन्या गाडीत शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. कित्येक संसार त्यामुळे टिकले. नव्या गाडीत इंजिन चालू आहे की नाही हेच कळेना. पहिले काही महिने यार्डात दिवसभर एकच आवाज यायचा: चालू इंजिनावर पुन्हा किल्ली फिरवल्याची करकर. ड्रायव्हर खाली उतरून सायलेन्सरमागे हात धरून बघायचे. काळा धूर नाही, म्हणजे ताकद नाही, असा सरळ हिशेब. एकाने तर शोरूममध्ये विचारलं, "धूर वाढवून मिळंल का?"

घाट चढताना मात्र सगळ्यांची बोलती बंद झाली. जिथे जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये मागे वाहनांची वरात घेऊन कण्हत चढायची, तिथे नवी तेवढाच माल घेऊन तिसऱ्यात जाते. हे कबूल करणं जड जातं, म्हणून "रस्ता चांगला झालाय आता" असं म्हणतात.

सगळी भानगड सुरू होते ती पिवळ्या दिव्यापासून. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक छोटा दिवा असतो. तो लागला की पेटीला काहीतरी सांगायचं आहे. काय, ते ती सांगत नाही. जुनं इंजिन बोंबलून, धूर काढून, ऑइल गाळून आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं. हे नुसता एक दिवा लावतं आणि गप्प बसतं. पहिला दिवस मालक दिव्याकडे दुर्लक्ष करतो. दुसऱ्या दिवशी किल्ली बंद-चालू करून बघतो. तिसऱ्या दिवशी बॅटरीची वायर काढून लावतो, हा उपाय गावातल्या मोबाइलवाल्याने सांगितलेला असतो. तरीही दिवा गेला नाही तर त्याच्यावर माऊलींचं स्टिकर लावतो. काही दिवस खरोखर बरे जातात. मग एका सकाळी भरलेली गाडी चढावर मान टाकते, ॲक्सिलरेटर कितीही दाबा, चाळीसच्या वर जात नाही. पेटीने स्वतःच्या बचावासाठी ताकद तोडलेली असते. ड्रायव्हर फोनवर मालकाला सांगतो, "शेठ, पिकअपला पिकअपच नाय."

मग येतो स्कॅनरवाला पोरगा. त्याच्या हाताला ग्रीस नाही, पाठीला सॅक आहे. स्टिअरिंगखालच्या खोबणीत तो वायर खुपसतो, टॅबलेटवर बोट फिरवतो आणि म्हणतो, "पी-००८७."

"म्हणजे?"

"रेल प्रेशर लो."

"म्हणजे काय झालंय?"

"ते बघावं लागंल. एरर डिलीट मारून देऊ का आता?"

एरर डिलीट मारणे ही नव्या युगाची सर्वांत लोकप्रिय दुरुस्ती. दिवा जातो, पैसे जातात, आणि नाशिक रोड ओलांडला की दिवा परत येतो. शेवटी जुन्या मिस्त्रीलाच विचारावं लागतं. तो नव्या इंजिनाकडे बघतो तेव्हा त्याला वर फक्त काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. झाकण काढतो. खाली वायरी. सवयीने हात सतरा नंबरच्या पान्याकडे जातो आणि तिथेच थांबतो, कारण इथे चालू इंजिनावर पाइप ढिला केला तर ती धार कातडीतून आरपार जाते; हे ऐकीव नाही, कंपन्या हाताच्या जखमांची चित्रं काढून सांगतात. मिस्त्री पाना खाली ठेवतो, डिझेल फिल्टर काढून हातात घेतो, उलटा करतो. आतून काळपट पाणी आणि गाळ. "कुठल्या पंपावर भरतो रे?" पोरगा स्कॅनर घेऊन बाजूला उभा असतो. फिल्टर बदलतात, दिवा जातो, परत येत नाही. आता या दोघांनी मिळून एक गॅरेज टाकलं आहे असं मी ऐकतो. मिस्त्री आधी कान लावतो, मग पोराला म्हणतो, "बघ रे, तुझं यंत्र काय म्हणतंय." यंत्राने तेच म्हटलं की मिस्त्री गिऱ्हाइकाकडे बघतो. यंत्राने वेगळं म्हटलं तर यंत्र चायनाचं असतं.

धूर गेला कुठे, याचंही उत्तर गाडीखाली आहे. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर बसवलेला असतो, डीपीएफ. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो तशी त्यात काजळी अडकते. गाळणी आपण आपटून साफ करतो. हा फिल्टर गाडी स्वतः तापवून, सहाशे अंशांच्या आसपास, आतली काजळी जाळून साफ करते. त्यासाठी तिला काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावं लागतं. आता आपली पिकअप दिवसभर काय करते? यार्डाच्या गेटवर रांगेत उभी. पन्नास पावलं पुढे. पुन्हा उभी. काजळी साठत जाते, दिवा लागतो, सर्व्हिसवाला सांगतो की गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं पळवून आणा.

"भाडं कुठलं?"

"भाडं नाही, रिकामीच."

रिकामी पिकअप, भाडं नसताना, स्वतःच्या डिझेलवर, काजळी जाळायला हायवेला न्यायची! या एका वाक्याने नव्या तंत्रज्ञानाची जेवढी बदनामी झाली तेवढी बिघाडाने झाली नाही. कसंबसं कोणी नेलीच, आणि निम्म्या वाटेत चहाची टपरी दिसली की इंजिन बंद. साफसफाई अर्धवट. दिवा कायम.

त्यावर कडी केली युरियाने. काही नव्या डिझेल गाड्यांना डिझेलबरोबर डेफ नावाचं पाणी लागतं. साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते गरम धुरात फवारलं की नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडतात आणि साधा नायट्रोजन आणि वाफ बाहेर पडते. डेफ संपलं की अशा कित्येक गाड्या पुन्हा चालूच होत नाहीत. शेतकऱ्याला हे समजावून सांगणं सोपं नाही. "मक्याला टाकायला युरिया मिळंना, कृषी केंद्रापुढं रांगा, आणि ही बया बसल्या जागी युरिया मागती!" लगेच कोणाच्या तरी डोक्यात येतं की घरात गोणी आहेच, बादलीत कालवून टाकू. बाबांनो, करू नका. आपल्याकडचा शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेल लावून येतो. पिकाला ते चांगलं. गाडीच्या महागड्या कॅटॅलिस्टला कडुनिंबाचा काही गुण येत नाही.

हा वाद फक्त पिंपळगावात चालतो असं समजू नका. टेक्सासमध्ये माझा एक मावसभाऊ राहतो. तिकडे मधल्या आकाराच्या पिकअपला मोठा मान आहे. घरटी एक असते आणि बहुतेक रिकामीच फिरते. त्याच्याकडे टोयोटाची टॅकोमा आहे. २०१६ पासून २०२३ पर्यंत तिला साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिळायचं, २७८ अश्वशक्तीचं. २०२४ च्या गाडीत आलं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो, आणि त्याचीही वरची अश्वशक्ती बरोबर २७८. ओढायची ताकद, म्हणजे टॉर्क, २६५ पाउंड-फुटांवरून ३१७ वर गेली, तीही कमी फेऱ्यांत. तरी मावसभाऊ चिडलेला. "दोन सिलिंडर काढून घेतले आणि पैसे वाढवले," तो म्हणतो. त्याची गाडी जुनी सहा सिलिंडरची आहे आणि तो ती विकणार नाही. ती वर्षभरात जो माल वाहते तो म्हणजे इंडियन स्टोअरमधून तांदळाची पोती आणि भाद्रपदात महाराष्ट्र मंडळाची गणेशमूर्ती. मूर्ती आणताना ताशी पंधरा मैलांच्या वर तो जात नाही. त्यासाठी सहा सिलिंडर लागतात, चार पुरत नाहीत, यावर तो ठाम आहे.

आपल्याकडेही त्याच मापाच्या गाड्या आल्या. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आली ती अडीच लिटरचं, ३२० न्यूटन-मीटर टॉर्कचं इंजिन घेऊन. बीएस-६ मध्ये तिला १.९ लिटरचं दिलं आणि टॉर्क झाला ३६०. वाटीऐवजी पाऊण वाटी दिली आणि पोट जास्त भरलं, असं झालं तर गिऱ्हाईक खूश व्हायला हवं. पण आपण मापाने घेणारी माणसं. लिटर कमी झाले म्हणजे मापात पाप. टर्बो जास्त हवा कोंबतो, तेवढ्याच जागेत जास्त डिझेल जळतं, हे कितीही सांगा. ताकद हवेतून येते हे ऐकून समोरचा तुमच्याकडे मार्केटिंगवाल्याकडे बघावं तसा बघतो. टोयोटाची हायलक्स २०२२ साली आपल्याकडे आली ती २.८ लिटरचं इंजिन घेऊन, आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. पुण्यातल्या सोसायट्यांत तिच्या हौद्यात मी आजवर एक सायकल आणि एकदा कुंड्या पाहिल्या. बेसमेंटच्या उतारावरून ती फार जोरात चढते.

तेव्हा घ्यायची कोणती? मला विचाराल तर नवी घ्या. कमी डिझेल पिते, घाटात कण्हत नाही, शेजारच्या म्हातारीला खोकला आणत नाही, आणि ऐन लगनसराईत वाटेत झोपत नाही. ती तुमचं ऐकत नाही हे खरं. पंपाचा स्क्रू फिरवू देत नाही, रॉकेल पीत नाही, मिस्त्रीच्या कानाला लाजत नाही. पण जुनी तुमचं ऐकायची म्हणून तुम्ही तिला काय काय ऐकवलं आहे ते आठवा.

नवी घेतलीत तर एवढं करा. टाकी तळाला नेऊ नका, पाव टाकी राहिली की भरा. डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्यातलं पाणी काढत जा. घाट चढून वर आलात की लगेच किल्ली फिरवू नका. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारून आलेलं असतं, एखादं मिनिट इंजिन संथ चालू द्या, तोवर चहाची ऑर्डर देता येते. काजळीचा दिवा लागला तर भाड्याची वाट बघू नका, ओझरपर्यंत रिकामी पळवा. आणि माऊलींचं स्टिकर काचेवर लावा, दिव्यावर नको.